उलटी घंटा

डागदरांचं खरं नाव काय हे गल्लीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्यावाचून कुणाचं काही अडलंही नव्हतं. कोपऱ्यावरच्या लाँड्रीत त्यांनी उभा जन्म लोकांच्या कपड्यांवरचे डाग काढण्यात घालवला, म्हणून ते डागदर. ओघानेच त्यांची बायको डागदरीणबाई झाली. नाव थट्टेत पडलेलं असलं तरी डागदरांनी ते मनावर घेतलं होतं. कुणी डागाळलेला कोट घेऊन आलं की ते चष्मा कपाळावरून नाकावर उतरवत, डागाकडे बघत आणि विचारत, "काय सांडलं? कधी सांडलं? आणि घरी काय काय उपद्व्याप केलेत?" तिसऱ्या प्रश्नाला गिऱ्हाईक हमखास खाली मान घालायचं.

शाईच्या डागावर तर त्यांचं भाषण ठरलेलं होतं. "गरम पाणी लावू नका. तसाच वाळू देऊ नका. आणि इस्त्री? इस्त्रीकडे बघूसुद्धा नका! एकदा इस्त्री फिरली की शाई कापडात घर करते, मग देव आला तरी हलायची नाही." हे भाषण ऐकून गिऱ्हाईक गेलं की डागदर स्पिरिटची बाटली काढत, मऊ फडकं बोटाला गुंडाळत आणि कडेकडून मध्याकडे असं टिपत टिपत शाई उचलून घेत. मध्यातून बाहेर चोळणाऱ्या माणसांबद्दल त्यांचं मत छापण्याजोगं नव्हतं.

पण डाग गेला की नाही, हे ठरवायचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता. तो डागदरीणबाईंचा. दुकानाच्या मागच्या भिंतीला एक खिडकी होती आणि तिथून येणाऱ्या उजेडात धरल्याशिवाय एकही कपडा बाहेर जायचा नाही, असा त्यांचा नियम होता. त्या कपडा दोन्ही हातांनी उंच धरायच्या, डोळे बारीक करायच्या आणि कुठेतरी पुसटशी सावली दिसली की म्हणायच्या, "राहिलाय." एवढंच. मग तो कपडा परत डागदरांच्या टेबलावर येऊन पडायचा. त्या नवरा-बायकोत आयुष्यभर जेवढी भांडणं झाली, त्यातली निम्मीअधिक या एका शब्दावरून. डागदर तणतणायचे, "कुठे राहिलाय? दाखव की! तुला स्वप्नात दिसतात डाग!" आणि मग मुकाट्याने परत बाटली उघडायचे, कारण बाईंचं कधी चुकायचं नाही.

अशा माणसाने शिक्के गोळा करावेत, म्हणजे खरं तर कमालच झाली.

त्यांच्या गावापासून दूर डोंगरावरच्या देवस्थानापर्यंत एक जुनी पायवाट जाते. वाटेत यात्रेकरूंसाठी मुक्काम आहेत आणि दर मुक्कामावर आठवण म्हणून एक रबरी शिक्का मिळतो. कुठे नावेचा, कुठे पुलाचा, कुठे झाडाचा. लोक ते कार्डावर उठवून घेतात. शेवटी डोंगरावर गेलं की तिथला पुजारी सगळे शिक्के निरखून बघतो आणि मधोमध एक मोठा गोल शिक्का उठवतो.

मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेला लागली, तेव्हा डागदरीणबाईंनी ही यात्रा करायची असं मनात घेतलं. दुकान महिनाभर बंद ठेवणं शक्य नव्हतं. म्हणून मंदीच्या दिवसांत दरसाल थोडी थोडी वाट चालायची आणि पुढच्या वर्षी तिथूनच पुढे निघायचं, असं ठरलं. पहिल्या वर्षी दोघं निघाली आणि पहिल्याच मुक्कामावर घोटाळा झाला. कार्डं संपली होती. शिक्केवाल्या म्हातारबुवांनी हात वर केले. "कोरं असेल त्याच्यावर मारून देतो. काही आहे का?"

डागदरांच्या पिशवीत एक पांढरा शर्ट होता. देवापुढे घालायला म्हणून त्यांनी तो खास खळ घालून, कडक इस्त्री करून आणला होता. बाईंनी तोच बाहेर काढला.

"ह्याच्यावर मारते."

"वेड लागलंय का तुला? पांढऱ्या शर्टावर शाई?"

"घरचाच डागदर आहे की. नाही आवडला तर काढा."

आणि डागदरांनी आणखी काही बोलायच्या आत बाईंनी स्वतःच शिक्का शाईत बुडवून शर्टाच्या पाठीवर, कॉलरच्या जरा खाली, दाबला. पहिल्या मुक्कामाचं चिन्ह घंटा. बाईंनी ती उठवली उलटी, लोलक वर आणि दांडी खाली. वर पुन्हा तिरकी. म्हातारबुवा तोंडावर उपरणं धरून हसले. बाई मात्र मुलीचं अक्षर बघावं तशा त्या घंटेकडे कौतुकाने बघत राहिल्या. डागदर घरी आल्यावरही फुगून बसले होते.

त्याच वर्षी बाईंच्या गुडघ्याने दगा दिला. डॉक्टरांनी, म्हणजे खऱ्या डॉक्टरांनी, लांबची चाल बंद केली. डागदर म्हणाले, "मग मीही नाही जात." बाई म्हणाल्या, "माझा शर्ट अर्धवट ठेवायचा नाही." झालं! विषय संपला. पुढच्या वर्षापासून डागदर एकटे निघू लागले, आणि पाठीवर नव्हे, पिशवीत, तो शर्ट.

आता प्रश्न आला शाई टिकवायची कशी. शाई घालवण्याच्या शंभर युक्त्या या माणसाला पाठ होत्या, ठेवण्याची एकही नाही. डागदरांनी बराच विचार केला आणि एक दिवस एकदम मांडीवर थाप मारली. गिऱ्हाइकांना जे जे करू नका म्हणून सांगतो, ते ते सगळं करायचं! तेव्हापासून प्रत्येक शिक्का ते आधी उन्हात खडखडीत वाळवायचे, घरी आल्यावर उलट्या बाजूने कडक इस्त्री फिरवायचे, वर ताज्या वाफेचा शेक द्यायचे. शिक्का असा पक्का बसायचा की बाईसुद्धा मान डोलवायच्या. नावेच्या मुक्कामावर शाईचं पॅड ठक्क वाळलं होतं, तर डागदरांनी खिशातल्या बाटलीतलं थेंबभर स्पिरिट टाकून ते जिवंत केलं. तिथली बाई इतकी खूश झाली की तिने त्यांना नावेतून फुकट पलीकडे सोडलं.

दरसाल परत आले की डागदर शर्ट टेबलावर पसरायचे आणि नव्या शिक्क्याची हकिगत सांगायचे. पूल किती हलत होता, झाडाखाली कुत्र्याने त्यांची चप्पल कशी पळवली. बाई गुडघ्याला शेक घेत ऐकायच्या, आणि शेवटी त्यांचं बोट हटकून उलट्या घंटेवर जायचं. "ही माझी," असं म्हणायच्या. त्या तेवढ्याच चालल्या होत्या ना!

असं करता करता डोंगर तेवढा राहिला. यंदा डागदर पायवाटेने चढणार आणि बाई गाडीने थेट वर येणार, असं ठरलं. मोठा शिक्का दोघांच्या समोर उठणार होता. बाईंनी नवी साडी काढून ठेवली होती.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी डागदरांनी शर्टाला शेवटचा हात फिरवायला तो टेबलावर घेतला. नेमका त्याच वेळी शेजारचा न्हावी गप्पा छाटायला आला. त्याचं आणि त्याच्या मेहुण्याचं वाजलं होतं. मेहुणा काय म्हणाला, हा काय म्हणाला, मग मेहुण्याची बायको मध्ये पडून काय म्हणाली, असं रामायण सुरू झालं. डागदर "हो का?", "मग?" करत ऐकत होते. त्यांचं तोंड न्हाव्याकडे होतं आणि हात टेबलावर. त्या हातांना पांढऱ्या कापडावर शाई दिसली. हातांनी बाटली उघडली, फडकं बोटाला गुंडाळलं आणि कडेकडून मध्याकडे आपलं काम सुरू केलं.

न्हाव्याची कथा समेटापर्यंत आली तेव्हा डागदरांनी खाली बघितलं. फडकं निळं झालं होतं. कॉलरच्या खाली पांढरंशुभ्र कापड होतं. बाकीचे शिक्के इस्त्रीने पक्के झालेले, त्यांना हलवायला दिवस लागला असता. पण पहिल्या वर्षी डागदर फुगून बसल्यामुळे घंटेवर इस्त्री काही फिरली नव्हती, आणि कुणाला पुढे ते आठवलंही नव्हतं.

"काय झालं हो?" न्हाव्याने विचारलं.

डागदरांनी न्हाव्याला जवळजवळ ढकलूनच बाहेर काढलं आणि शर्ट पोटाशी धरून स्टुलावर बसले. दुसरा शिक्का आणता येईल, हे त्यांना कळत होतं. पहिला मुक्काम काही लांब नव्हता. पण ही घंटा तिच्या हातची होती, तिच्या चालण्याची होती, आणि ती त्यांनी स्वतःच्या हाताने पुसली होती. त्यांना रडू आलं. आधी वाटलं, कॉलर खाली वळवून घडी घालावी आणि मूग गिळून बसावं. तेवढ्यात मागून आवाज आला.

"झाली का इस्त्री? आणा इकडे, बघते."

खिडकीच्या उजेडात धरल्याशिवाय एकही कपडा बाहेर जायचा नाही, हा नियम. डागदरांनी मान खाली घालून शर्ट पुढे केला. हजार गिऱ्हाइकांनी त्यांच्यापुढे घातली होती तशीच.

बाईंनी शर्ट उंच धरला. डोळे बारीक केले. एकदा बघितलं, मग कापड तिरकं करून पुन्हा बघितलं. डागदर मनातल्या मनात बाईंना विनवत होते, राहिलाय म्हण, एवढंसं तरी राहिलाय म्हण.

"गेलाय," बाई म्हणाल्या. "साफ गेलाय. अहो, एवढं स्वच्छ काम तुम्ही उभ्या जन्मात केलं नव्हतं!"

आणि त्या हसायला लागल्या. डागदर मात्र हसले नाहीत.

"तुझ्या हातचा होता गं तो."

बाईंचं हसू थांबलं. त्यांनी डागदरांच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि शर्टाची घडी घातली. "मग माझे हात काय कुठे गेलेत? डोंगर थांबेल दोन दिवस. उद्या पहिल्या मुक्कामाला जाऊ."

"आणि गुडघा?"

"गुडघा माझा आहे. त्याचं मी बघते. तुम्ही तुमचे हात सांभाळा."

दुसऱ्या दिवशी दोघं उजाडताच निघाली. बाईंच्या एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात डागदरांचं मनगट. वाटेत दिसेल त्या पारावर, दिसेल त्या दगडावर बसत बसत गेली. इतर यात्रेकरू भराभर पुढे जात होते. बाई प्रत्येकाला थांबवून सांगत होत्या, "ह्यांनी माझी घंटा पुसली, म्हणून चाललोय परत." डागदरांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटत होतं. पण बाईंचा चेहरा असा उजळला होता की त्यांनी एकदाही त्यांना गप्प बसवलं नाही. ऊन कललं तेव्हा मुक्काम आला.

म्हातारबुवा आता नव्हते. त्यांची सून शिक्के उठवत होती. लोक शिक्का उलटा मारतात म्हणून तिने त्याच्या मुठीवर लाल रंगाने बाण काढून ठेवला होता. "बाण वर ठेवा आजी, म्हणजे चुकायचं नाही," ती म्हणाली.

बाईंनी बाण बघितला, शिक्का हातात गोल फिरवला, बाण खाली आणला आणि दाबला.

"अगबाई, उलटी झाली!"

"आमची उलटीच आहे," बाई म्हणाल्या.

डागदर तोवर सुनेला विचारत होते की घरात इस्त्री आहे का. होती, बुडाला जळकट चिकटलेली. एरवी तसली इस्त्री बघून त्यांनी घरमालकिणीला चार शब्द सुनावले असते. आज त्यांनी ती ओल्या फडक्याने आधी घासून लखलखीत केली आणि शाई वाळल्यावर शर्टाच्या उलट्या बाजूने इतका वेळ फिरवली की सून घाबरून म्हणाली, "आजोबा, जळेल."

दोघं परत गाडीने आली. मधल्या वेळात बाईंनी गुडघ्याला भरपूर शेक घेतला आणि भरपूर कुरकुरही केली.

डोंगराला निघायच्या सकाळी डागदरांनी पिशवी भरली. शर्ट तेवढा वर ठेवला. बाई खिडकीपाशी उभ्या होत्या, हात पुढे करून. नियम तो नियम. डागदरांनी शर्ट दिला आणि टेबलाच्या अलीकडे उभे राहिले.

बाईंनी शर्ट उजेडात उंच धरला. डोळे बारीक केले. तिरका करून बघितला.

"राहिलाय," त्या म्हणाल्या, आणि या वेळी कपडा टेबलावर परत न टाकता त्यांनी तो स्वतःच घडी घालून पिशवीत ठेवला.