धवल्यातली नावं

रेडिओवर मी बायकांचा कार्यक्रम सादर करायची, त्यामुळे माझा आवाज लोकांच्या ओळखीचा होता. तेवढ्या भांडवलावर एका रेकॉर्ड कंपनीने मला लग्नाच्या लोकगीतांच्या दोन तबकड्या करायला सांगितल्या. गळा बेताचाच, पण हौस दांडगी. मी हो म्हणून बसले.

गाणी मला शिकवली दिवा स्टेशनजवळच्या एका गावातल्या धवलारणीने. आगरी लग्नात देवांना आवतण देण्यापासून सगळे विधी ती धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाऊन पार पाडते. भटजी आला न आला, चालतं. धवला झाला नाही तर मात्र लग्न लागलं असं तिचं गाव मानत नसे. दोन महिने ऐकल्यावर मला कळून चुकलं, की मोठा धवला माझ्या गळ्याला झेपायचा नाही. तो तिनेच गायचा, हे मी कंपनीच्या साहेबांशी भांडून मिळवलं.

रेकॉर्डिंग डोंबिवलीत, एका शाळेच्या वर्गात, रविवारी. टेपचं यंत्र एका दिवसापुरतंच मिळालं होतं. साहेबांनी खूण केली. धवलारीण माझ्याकडे वळली.

"कोनाचा लगीन हाय गो बाय?" तिने मला विचारलं.

मी कपाळावर हात मारला. धवल्यात नवरानवरीची नावं गुंफतात हे मला ठाऊक होतं, पण तिला खरीच नावं लागतील हे माझ्या शहाण्या डोक्यात आलंच नव्हतं.

"मावशी, कुठलीही घाला हो!" मी खेकसले.

"खोटा नाव कसा घेऊ? देव येतील, नं लगीनच नसंल, त त्यांना काय सांगू?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "बाई, तुम्हीच गा आणि मोकळ्या व्हा." माझा असा संताप झाला की विचारू नका, कुणावर, तेच कळेना.

म्हातारी बाकावर नीट मांडी घालून बसली. मग म्हणाली, "लाव तुजा यंत्र."

तिने दोन नावं घेतली. पहिलं मी ओळखलं. ते तिच्या मुलीचं होतं, गावात कुजबुजताना ऐकलेलं. चार वर्षांपूर्वी ती मुलगी ठाकुर्लीच्या वीजघरातल्या एका घाटावरच्या कामगाराबरोबर निघून गेली आणि देवळात हार घालून आली. तेव्हापासून आईने तिचं नाव टाकलं होतं. दुसऱ्या कुणी काढलं तरी ही उठून जायची. पाच गावांच्या पोरींचे धवले गाणारीने स्वतःच्या पोरीचा गायला नव्हता. तो तिने त्या वर्गात, बाकावर बसून, एकही ओळ न गाळता गायला.

साहेबांना कुणाच्या घरची ती नावं विकायच्या तबकडीत नको होती. मग माझंही नाव तबकडीवर नको, असं मी सांगितल्यावर ते कुरकुरत गप्प झाले.

तबकडी निघाली तसा मी एक चावीचा ग्रामोफोन उसना घेतला आणि ठाकुर्ली गाठली. नवरा जेवायला बसला होता, मुलगी वाढत होती. काही न सांगता मी तबकडी लावली. आवाज ओळखून तिचा हात थांबला. मग नावं आली. तिने भाताचं पातेलं खाली ठेवलं, पदर डोक्यावर घेतला.

"उठा," ती नवऱ्याला म्हणाली. "आपला लगीन लागतंय."

तो खरकट्या हातानेच उभा राहिला.