घंटी टायमाची हाय

आमच्या महाविद्यालयातले किशनमामा वादविवाद स्पर्धेत बोलणाऱ्याच्या तोंडाकडे कधी पाहत नसत. मंचाच्या कडेला टेबल, टेबलावर पितळी घंटी आणि मामांची नजर मनगटावरच्या घड्याळात. "तोंड बघितलं की टायम चुकतो," म्हणायचे. "आपल्या माणसाला जास्ती मिळतो, दुसऱ्याला कमी." हुद्द्यानं ते ग्रंथालयातले शिपाई, पिंगळीहून रोज रेल्वेनं येणारे. पण संस्थेच्या अध्यक्षांचं भाषण लांबलं तेव्हा त्यांच्यावरही घंटी वाजवणारा माणूस मी तो एकच पाहिला. गेल्या वर्षी ते गेले.

मी तिथं मराठी शिकवत असे. आता नातवंडांना 'बेधडक बोला' असं सांगत फिरते, म्हणून त्यांना खरी हकीकत कळलेली बरी. पन्नाशीतल्या त्या बाई, म्हणजे मीच, वर्गात अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर असं बोलत, की शेवटच्या बाकावरची पोरंसुद्धा जागी होत. आणि प्राचार्यांच्या दालनात शिरताना त्यांच्या चपलांचाही आवाज होत नसे.

त्या वर्षी स्पर्धेचा विषय प्राचार्यांनी स्वतः काढला होता: 'वसतिगृहाचे नियम विद्यार्थिनींच्या हिताचेच आहेत.' त्यातल्या 'च'चं मी खास कौतुक केलं होतं. प्रत्येकाला पाच मिनिटं. बाजूनं बोलणाऱ्यांनी अध्यक्षांना खूश केलं. मग ताडकळसची शोभा विरोधात बोलायला उठली. "मुलींचं फाटक सहाला बंद होतं, ग्रंथालय आठला," ती म्हणाली. "मधल्या दोन तासांतली पुस्तकं फक्त मुलांसाठी आहेत का, एवढंच सांगा." टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी प्राचार्यांकडे पाहिलं, प्राचार्यांनी माझ्याकडे. "थांबवा तिला," ते पुटपुटले. सूत्रसंचालन माझ्याकडे. मी लगेच माझ्या वळणदार अक्षरात 'घंटी वाजवा' अशी चिठ्ठी लिहिली आणि मामांपुढे सरकवली.

त्यांनी वाचली आणि खिशात घातली. "दोन मिन्टं बाकी हायेत, म्याडम."

"मामा, वरून सांगितलंय."

"घंटी टायमाची हाय. बोलण्याची न्हाई."

शहाण्या बाईनं इथं गप्प बसावं. मी घंटीलाच हात घातला. मामांनी ती टेबलाआड मांडीवर घेतली, मी खाली वाकून ओढली, त्यांनी परत ओढली, आणि ती वाजली. शोभा थांबली. मामा उठून माइकपाशी गेले. "घंटी चुकून वाजली. पोरी, तुझी दोन मिन्टं हायेत तशी हायेत. बोल." आणि परत येऊन घड्याळात बघत बसले. ती पूर्ण दोन मिनिटं बोलली.

दुसऱ्याच दिवशी मामांना कारणे दाखवा नोटीस आली. निवृत्तीला चार महिने उरलेले. मी माफीनामा लिहून द्यायला गेले, तर म्हणाले, "तुमचं मराठी लय चांगलं हाय, म्याडम. पण खाली सही माझी लागायलीय." त्यांनी स्वतःच उत्तर लिहिलं: 'मला घड्याळ बघायला बसवलं होतं. मी घड्याळ बघितलं.'

मला धास्ती होती, ती काही त्यांच्या नोकरीची नव्हे. चिठ्ठी त्यांच्या खिशात होती आणि अक्षर माझं होतं. आठ दिवस मी ग्रंथालयाची वाट टाळून, मैदानाला वळसा घालून वर्गावर गेले.

चौकशीला आम्हा दोघांना बोलावलं. समितीत प्राचार्यही होते. "चुकून वाजली म्हणजे कोणाकडून?" त्यांनी मामांना विचारलं.

"मी घड्याळाकडं बघत होतो, साहेब."

"म्हणजे तुमचाच निष्काळजीपणा. लिहून घ्या."

चिठ्ठी काही खिशातून बाहेर आली नाही. तेव्हा माझं तोंड उघडलं. "घंटी माझ्या हातून वाजली. चिठ्ठीही मीच लिहिली होती. मला कुणी सांगितलं तेही लिहून घ्या."

"बाई, विचार करून बोला," प्राचार्य म्हणाले.

"आजवर तेच केलं, सर. आज नुसतं बोलते."

लिहून घेणाऱ्याचा पेन तिथंच थांबला. प्राचार्यांचं नाव कागदावर येऊ नये म्हणून नोटीस बारगळली. सूत्रसंचालन माझ्याकडून गेलं ते कायमचं.

बाहेर व्हरांड्यात मी मामांना म्हटलं, "चिठ्ठी जपून ठेवा. तेवढाच पुरावा आहे."

"ती तर त्याच दिशी फाडली, म्याडम. पोरांच्या हाती लागली असती तर तुमाला नावं ठेवली असती."

"अहो, मग आठ दिवस सांगितलं का नाही मला?"

"तुमी इचारलंच न्हाई."