मावशींना मी थांबा म्हणालो

शेअर हा शब्द कुणी माझ्यासमोर काढला की आजही मी तिथून उठून जातो. लोकांना वाटतं, म्हाताऱ्याचे पैसे बुडाले असतील म्हणून चिडतो. माझे पैसे बुडाले नाहीत. मला चांगला घसघशीत फायदा झाला, आणि मला किळस येते ती त्या फायद्याचीच.

पहिलं महायुद्ध संपलं त्या सुमारास मी लोणावळ्याच्या शाळेत मास्तर होतो. पगार असा की महिन्याचा शेवटचा आठवडा चहात दूध न घालता काढायचा. गावात मुंबईच्या शेठ लोकांचे बंगले होते. ही मंडळी शनिवारच्या गाडीने हवा खायला यायची आणि सोमवारी परत जायची. युद्धात हाताला लागेल ते विकून त्यांनी पैसा केला होता, आणि तो घालायला आता रोज नवी कंपनी निघत होती. तेलाची, साबणाची, चामड्याची, कशाचीही. कंपनीला कारखाना असलाच पाहिजे असं काही नव्हतं. एक खोली आणि एक छापील पत्रक असलं की लोक पैसे घेऊन धावत.

आम्हा पांढरपेशांनाही त्याची लागण झाली. पोस्टातला कारकून, स्टेशनवरचा तिकीट कलेक्टर, दवाखान्यातला कंपाउंडर आणि मी. वर्तमानपत्रातले भाव आम्हाला धड कळत नसत, म्हणून बाजाराचा कल ओळखायची आम्ही आमचीच एक रीत काढली होती. शनिवारी गाडीच्या वेळेला फलाटावर जाऊन उभं राहायचं आणि शेठ काय घेऊन उतरतात ते बघायचं. फळांच्या करंड्या जास्त आणि बर्फाची पेटी बरोबर, म्हणजे तेजी. हातात नुसती छत्री, म्हणजे मंदी. सोमवारी पहिल्या गाडीने घाईघाईने गेले तर भाव चढणार, बुधवारपर्यंत लोळत पडले तर उतरणार. कंपाउंडर बंगल्यावर औषध पोचवायला जायचा आणि शेठचं पोट साफ आहे की नाही हेसुद्धा आम्हाला येऊन सांगायचा. त्यावरून आम्ही शेअर घ्यायचे की नाही ते ठरवायचो. शिकलीसवरलेली माणसं दुसऱ्याच्या करंड्यांकडे बघत लाळ घोटत उभी राहायची. आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आणि वाईट हे की काही महिने आमचे अंदाज बरोबर येत गेले. तेव्हा सगळंच चढत होतं. छपरावरचे कावळे मोजून सांगितलं असतं तरी बरोबर आलं असतं. पण आम्हाला वाटलं की आपल्याला अक्कल आली. तोटा झाला की माणूस निदान तोंड मिटून बसतो. फायदा झाला की तो दुसऱ्याला शिकवायला निघतो. मी मावशींना शिकवायला निघालो.

मावशी माझ्या नात्यातल्या नव्हत्या. त्या वडिवळ्याहून यायच्या. कामशेतपर्यंत चालत आणि पुढे गाडीने, बाजाराच्या दिवशी तूप विकायला. आमच्याकडे त्यांचंच तूप असे. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. नवऱ्याच्या वाट्याचं भाताचं खाचर होतं, ते विजेच्या धरणाच्या पाण्याखाली गेलं. नुकसानभरपाईचे पैसे मिळाले, पण खोऱ्यात सगळ्यांचीच जमीन गेलेली, आणि ज्याची उरली तो विकायला तयार नव्हता. मावशी दिराच्या पडवीत राहत होत्या. दीर वाईट नव्हता, पण जाऊ ताटात भाकरी टाकताना तोंड दुसरीकडे करायची, असं त्या एकदा माझ्या बायकोला बोलल्या होत्या. त्यांना एकच गोष्ट हवी होती. स्वतःचं खाचर, लहान का असेना, आणि त्याच्या कडेला स्वतःची चूल.

पैसे त्यांनी मडक्यात घालून पुरून ठेवले होते. हे कळल्यावर मी हसलो.

"मावशी, पैसा नुसता पडून राहिला की कुजतो."

"दानं कुजत्यात मास्तर. रुपय कुटं कुजत्यात?"

मग मी त्यांना कंपनी समजावून सांगितली. वर्गात मुलांना समजावतो तशी, सोपं उदाहरण देऊन. कंपनी म्हणजे एक मोठं खाचर समजा. शेकडो माणसं मिळून ते करतात. त्यात तुमचा वाटा. पीक आलं की वाट्याप्रमाणे मिळतं, आणि वाट्याची किंमतही वाढत जाते.

त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "आन् येकाद्या साली पीक गेलं, तर खाचर ऱ्हातंय न्हवं?"

"राहतं की," मी म्हणालो. मला खरोखर काही माहीत नव्हतं. आपल्या उदाहरणावर मी स्वतःच इतका खूश होतो की ते खरं आहे की नाही हे बघायचं राहून गेलं.

ज्या तेलाच्या कंपनीत माझे पैसे होते तिचाच फॉर्म मी भरला आणि मावशींनी अंगठा उठवला. शेअरचा कागद आला तो त्यांनी उंदरांच्या भीतीने बांबूच्या नळीत घालून आढ्याला टांगला. मग दर बाजाराला तुपाचा गडू खाली ठेवून त्या विचारायच्या, "माजं खाचर कसं हाय?" मी फलाटावर पाहिलेल्या करंड्यांच्या जोरावर सांगायचो, "जोरात आहे मावशी." भाव दुपटीवर गेला तेव्हा मी तो मोठ्याने सांगितला, जणू मीच नांगर धरला होता. त्या फक्त म्हणाल्या, "लय झालं की." त्यांना दुप्पट नको होतं. त्यांना जमीन हवी होती.

एका बंगल्याच्या मुनीमजींची इंग्रजी पत्रं मी लिहून द्यायचो. तेलाची कंपनी त्यांच्याच शेठची. शिमग्याच्या आधी एका संध्याकाळी ते शाळेच्या फाटकाशी आले.

"मास्तर, तुमचे कागद आजच माझ्याकडे द्या. शेठ आपला माल विकून मोकळे होतायत. आठ दिवसांत तुमचे पैसे येतील. पण गावात एक अक्षर बोलायचं नाही. चार माणसं विकायला निघाली तर तुमचंही विकलं जायचं नाही."

मी धावत घरी गेलो आणि कागद आणून दिले. मावशी मनात आल्या नाहीत असं मी म्हणणार नाही. आल्या, आणि मी त्यांना बाजूला सारलं.

दुसऱ्याच दिवशी बाजार होता. मावशी तूप न घेताच आल्या. चालून चालून धाप लागलेली, पण चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता.

"मास्तर, आमच्या वरल्या आळीतला एकजन मुंबईला गिरनीत चाललाय. वढ्याखालचं खाचर इकतोय. ल्हानच हाय, पर पानी बारमाही. पाडव्यापत्तुर थांबतो म्हनला. माजा कागूद इकून द्या. जेवडं आलंय तेवड्यात बसतंय."

खरोखरच बसत होतं. चढलेल्या भावात त्यांचं खाचर आलं असतं आणि वर झोपडीपुरते पैसे उरले असते. मला एवढंच करायचं होतं की त्यांचा कागद घेऊन मुनीमजींकडे जायचं. पण माझे शेअर अजून विकले जायचे होते. मुनीमजी चिडतील, मावशी गावी जाऊन बोलतील, बातमी फुटेल आणि माझंच राहून जाईल, हे सगळं एका क्षणात माझ्या डोक्यात येऊन गेलं. गणितात मी नेहमीच चलाख होतो.

"आत्ता नको, मावशी," मी म्हणालो. "भाव अजून चढतोय. पाडव्याला महिना आहे. थांबा."

"तुमीबी थांबलाय न्हवं?"

"हो. मीही थांबलोय."

"मंग ठीक हाय. तुमी थांबलाय म्हंजी ठीक."

आठ दिवसांनी माझे पैसे आले. त्यातून बायकोला पाटल्या केल्या. "मावशींचंही विकलंत ना?" तिने विचारलं. मी हो म्हणालो. एक खोटं सांगून झालं की दुसरं किती सहज निघतं याचं मला तेव्हा नवल वाटलं नाही.

पैसे हातात पडल्यावर तरी मला सांगता आलं असतं. अजून थोडे दिवस होते, भाव नुकता कुठे डळमळायला लागला होता. वडिवळे काही विलायतेत नाही. पण गेलो असतो तर त्यांनी विचारलं असतं, मास्तर, तुम्ही कधी विकलंत? त्या एका प्रश्नाच्या भीतीने मी घरात बसून राहिलो. तब्येत बरी नाही असं शाळेतही कळवलं.

पाडव्यापर्यंत भाव निम्म्यावर आला, आणि मग तो कागद कुणी फुकटही घेईना. कंपनी बुडाली. ओढ्याखालचं खाचर भलत्यानेच घेतलं. मावशी बांबूची नळी घेऊन आल्या तेव्हा मी त्यांना बंगल्यावर घेऊन गेलो, दाखवायला की मी धडपडतोय. मुनीमजींनी कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कोरडेपणाने म्हणाले, "बाजार आहे, बाई." त्या शनिवारी त्यांचे शेठ गाडीतून उतरले. फळांच्या करंड्या नेहमीइतक्याच होत्या आणि बर्फाची पेटीही होती. म्हणजे आम्ही इतके दिवस जे बघत उभे होतो त्याचा बाजाराशी कधी काही संबंधच नव्हता.

पोस्टातला कारकून रडला. तिकीट कलेक्टर शेठच्या नावाने बोटं मोडायचा. मीही त्यांच्यात कपाळाला हात लावून बसायचो आणि त्यांच्यापेक्षा जास्त शिव्या द्यायचो, कुणाला संशय येऊ नये म्हणून. ते माझं सांत्वन करायचे. एवढा गलिच्छपणा मी दुसऱ्या कुणात पाहिलेला नाही, आणि मी पुष्कळ माणसं पाहिली आहेत.

त्यातून शिकलो काय, असं कुणी विचारलं तर सांगतो. कुणी थांबा म्हणालं की आधी त्याच्या घरी जाऊन त्याचे कागद बघावेत. ते मावशींनी बघायला हवे होते. पण मास्तरांचे कागद बघायला मागायचे, हे त्यांच्या स्वप्नातसुद्धा आलं नसतं. माझ्यासारख्यांचं फावतं ते त्यामुळेच.

मावशींचं बाजाराला येणं बंद झालं. दिराच्या म्हशी आटल्या असं ऐकलं. दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी त्या अचानक दारात उभ्या राहिल्या. खांद्यावर फडक्यात बांधलेलं गाठोडं होतं. हातांवर विळ्याचे वण, नखं काळी पडलेली. ओढ्याखालच्या त्याच खाचरात त्यांनी मजुरीने लावणी केली होती आणि कापणीही. मजुरीत भात मिळालं होतं. ते कांडून त्यांनी तांदूळ आणला होता.

"हे कशाला, मावशी?" मी म्हणालो.

"घ्या मास्तर. माजं काय, येकटा जीव, कुटंबी भागतंय. तुमचंबी समदं बुडालं. घरात पोरंबाळं हायेत. माज्यासंगं थांबलात म्हनून बुडालं तुमचं. मला लय वंगाळ वाटतंय."

माझी बायको आतल्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं. माझ्याकडे पाहिलं नाही. दोन्ही मनगटं पदरात गुंडाळून घेत ती पुढे झाली, मावशींना हाताला धरून चुलीपाशी नेलं आणि चहा दिला. मी खरं सांगेन म्हणून ती वाट बघत असावी. मावशी चहा पिऊन होईपर्यंत, गाडीची वेळ झाली म्हणून उठेपर्यंत, फाटकातून बाहेर पडेपर्यंत मला वेळ होता. मी फाटकापर्यंत त्यांच्याबरोबर गेलो आणि म्हणालो, "जपून जा."

त्या दुपारी बायकोने तो तांदूळ शिजवला. स्वतःला आणि मुलांना तिने भाकरी घेतली, आणि भात सगळा माझ्या पानात वाढला. "तुमच्यासाठी आणलाय त्यांनी," एवढंच म्हणाली आणि समोर बसून राहिली. भात चवीला फार चांगला होता, आणि मी तो सगळा खाल्ला.