पोरगं झोपतं कुठं?

"पोरगं झोपतं कुठं, तेवढं दाखवा."

मॅडम कुणाच्याही दारात उभ्या राहिल्या की पहिलं वाक्य हेच. नमस्कार नंतर, चहा तर त्याहून नंतर. आधी चपला काढायच्या, आत यायचं, दाखवलेल्या जागेपाशी उकिडवं बसायचं आणि अंथरुणावर तळहात दाबायचा. बाजारात खरबूज घेताना आपण दाबून बघतो, तसा. मग उजेड कुठून येतो, वारा कुठून येतो ते बघायचं आणि "बरं" म्हणायचं. या "बरं"चा अर्थ चांगलं आहे असा की वाईट, ते गावाला शेवटपर्यंत कळलं नाही.

तुम्हीही शिक्षक पाहिले असतील. घरभेटीला येतात, पोरगा हुशार आहे पण लक्ष देत नाही असं सांगतात, पोहे खाऊन जातात. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतही तसे बरेच येऊन गेले, आणि वाईट त्यातलं कुणीच नव्हतं. पण पोराचं अंथरूण बघायला आलेली ही पहिलीच बाई. मी तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष, म्हणून त्यांना जवळून बघता आलं. त्यातलं थोडं असं आहे की मी घराबाहेर कधी बोललो नाही. बोलायची सवयच नाही मला, राजकारणाचं सोडून. आज सांगणार आहे, पण आधी मॅडम.

आमचं गाव गेवराई तालुक्यातलं, उमापूरच्या पलीकडं. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. काही आईबाप पोरं संगं नेतात, काही चुलत्याकडं नाहीतर मावशीकडं ठेवतात. मॅडम बदलून आल्या त्या ऐन त्याच दिवसांत. पहिला आठवडा त्यांनी काही शिकवलंच नाही म्हणा ना. नुसतं बघत बसल्या. कोण पेंगतं, कोण चिडतं, कोण उगाच रडतं. मग शाळा सुटली की स्कूटी काढून घरोघर.

गावानं लगेच अर्थ लावला. खाटेची योजना आली. मॅडमनी कागद काढला नाही, सही घेतली नाही, त्यामुळं तर खात्रीच पटली, कारण खऱ्या योजना गुपचूपच येतात हे गावाला माहीत. दुसऱ्या दिवशी आमच्या आळीतल्या झाडून सगळ्या खाटा गायब. कुणी माळवदावर चढवल्या, कुणी कडब्याच्या गंजीमागं दडवल्या. शेजारच्या नानांनी तर गहिवरून सांगितलं, "भुईवर झोपतंय लेकरू, मॅडम. लई हाल हायेत आमचे." तेवढ्यात त्यांची धाकटी आली आणि म्हणाली, "नाना, माझी गादी कावून नेली गोठ्यात?"

आम्ही बाहेर हसून लोळायचे बाकी होतो. मॅडम हसल्या नाहीत. "गोठ्यात कोरडं आहे का?" एवढंच त्यांनी विचारलं. नाना म्हणाले, कोरडं हाय. "मग संध्याकाळी आत आणा. योजना आली तर मी स्वतः सांगायला येईन."

चूक झाली असं त्या कुणाला म्हणायच्याच नाहीत. एका ऊसतोड जोडप्यानं आपलं तिसरीतलं पोरगं चुलत्याकडं ठेवलं होतं. चुलता त्याला शेळ्यांच्या गोठ्याच्या तोंडाशी झोपवायचा. बिबट्याची भीती हाय म्हणाला. मॅडमनी विचारलं, बिबट्या आलाच तर हा काय करणार? चुलता म्हणाला, "वरडंल की." जमलेल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही जरा आडवे होऊन दाखवता का? मला उंचीचा अंदाज येत नाही." गडी मोठ्या तोऱ्यात आडवा झाला. मस्त वारं लागतंय म्हणाला. मागून एका शेळीनं त्याची टोपी ओढली आणि चघळायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवसापासून पोरगं घरात झोपायला लागलं. टोपीचं नाव मात्र त्या गड्यापुढं अजून काढायची सोय नाही.

मॅडमचं म्हणणं फार मोठं नव्हतं. पोट भरलेलं असावं, झोप झालेली असावी, आणि घरात कुणाला भ्यायला लागू नये. "एवढं असलं की पोरगं शिकतंच. मग माझ्यासारखी साधारण मास्तरीण पण चालते." त्या साधारण नव्हत्या, पण वादात पडायच्या नाहीत.

वर्गाच्या कोपऱ्यात त्यांनी एक सतरंजी टाकली. ज्याला झोप आवरत नाही त्यानं तिथं जाऊन झोपायचं, बाकीच्यांनी हसायचं नाही. उठलं की तोंड धुऊन यायचं, आणि राहिलेला धडा मॅडम पुन्हा घ्यायच्या, न कंटाळता. गावानं नावं ठेवली. पण पोरं शाळा बुडवेनात, आणि जी वाचताना अडखळायची ती रस्त्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचत घरी यायला लागली. हे मी अध्यक्ष होतो म्हणून भिडेपोटी सांगत नाही. बघितलंय.

आता माझं.

माझी वैष्णवी तेव्हा आठवीत होती. मी तिला शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवली होती. शाळेच्या कंपाउंडच्या कामासाठी एकदा सकाळीच गेलतो, तर खिडकीतून दिसलं, सतरंजीवर माझी पोरगी. दिवसाढवळ्या, तोंड उघडं टाकून झोपलेली. शेजारी ऊसतोडीला गेलेल्या घरातलं एक लेकरू. खरं सांगायचं तर तिच्या झोपेपेक्षा मला ती शेजारची जागा जास्त झोंबली.

समितीच्या बैठकीत सगळ्यांदेखत मी मॅडमला विचारलं, "सरकार पगार देतं ते पोरं शिकवायला का झोपवायला?" लोक हसले. अध्यक्ष बोलला की हसायचं, एवढं लोकांना कळतं. मॅडमनी हसणं थांबेपर्यंत वाट पाहिली. म्हणाल्या, "अध्यक्ष, तुमच्याच घरी यायचं राहिलंय माझं. रविवारी येऊ?"

राहिलं नव्हतं ते. मी राहू दिलं होतं. आधी त्या आल्या तेव्हा पाहुणे आहेत म्हणून मीच फाटकातून परत लावलं होतं.

आमचं घर मोठं आहे, स्लॅबचं. पण वैष्णवी झोपायची पुढच्या बैठकीत, आणि बैठकीत माझी माणसं असायची. सोसायटी, पंचायत, कोण कुणाला मिळालं, कोण फुटलं, हे सगळं तिथंच चालायचं. तिच्या आईचे गुडघे दुखायचे, त्यामुळं पाणी, चहा, पुन्हा चहा, हे पोरीकडं. माणसं उठून गेली की त्या तंबाखूच्या वासात ती अंथरूण टाकायची. आणि पहाटे मीच तिला हलवून उठवायचो, शिष्यवृत्तीच्या अभ्यासाला. पहाटे पोरीला अभ्यासाला बसवणारा बाप म्हणून मी चारचौघांत मिरवायचो. ती झोपायची कधी, हा हिशेब माझ्या डोक्यात एकदाही आला नाही.

रविवारच्या आधी मी गेवराईला जाऊन खाट आणली, गादी आणली, टेबल आणलं, दिवा आणला. माडीवरच्या खोलीत सरकीची पोती होती, ती गड्याकडून हलवून घेतली. रविवारी मॅडम आल्या तसं त्यांना छाती काढून वर नेलं.

त्यांनी गादीवर तळहात दाबला. गादीवरचं प्लास्टिक करकरलं. ते काढायचं मला सुचलंच नव्हतं.

मॅडमनी वैष्णवीला विचारलं, "इथं झोपतेस?"

पोरीनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर मॅडमना कळलं असतं, एवढं तिला समजत होतं. खाली बघून म्हणाली, "हो मॅडम."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

मॅडम "बरं" म्हणाल्या. खाली येऊन चहा घेतला, वैष्णवीच्या आईशी गुडघ्यांचं बोलल्या आणि गेल्या. मला जिंकल्यासारखं वाटलं. त्या दिवशी बैठकीत मी हा किस्सा रंगवून सांगितला, प्लास्टिकसकट. माणसं टाळ्या देऊन हसली. वैष्णवी तिथंच पाण्याचे ग्लास फिरवत होती. तिलाही मी म्हणालो, "काय गं, कशी जिरवली?" ती हसली. नंतर तिनं नेहमीसारखं तिथंच अंथरूण टाकलं. वर झोपली असती तर पाणी कुणी दिलं असतं?

पंधरवड्यानं मॅडमचा फोन आला, शाळेत या. पोरं मैदानावर होती. मॅडम वऱ्हांड्यात उभ्या होत्या, शेजारी वैष्णवी. त्या मला एरवी अध्यक्ष म्हणायच्या. त्या दिवशी दादा म्हणाल्या.

"दादा, वैष्णवी आता वर्गात झोपत नाही."

चांगलंच झालं की, मी म्हणालो.

त्यांनी पोरीची डावी बाही वर सरकवली. कोपराच्या वर सगळीकडं नखांच्या खुणा. काही ताज्या, काही निळ्या पडलेल्या. पेंग आली की ती स्वतःला चिमटे काढत होती. मॅडमनी सतरंजीवर जा म्हटलं तर म्हणायची, मला झोप येत नाही, मी घरी खाटेवर झोपते.

"मला तुमच्या घरातलं काही बघायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "पण पोरगी तुमची अब्रू राखतीय, दादा. आणि तिला ते झेपत नाहीये."

वैष्णवीनं बाही खाली ओढली. "पप्पा, ते खेळताना लागलंय," म्हणाली.

तिथंही. तेव्हासुद्धा.

मी निवडणूक हरलोय, कोर्टात हरलोय, तोंड पाडून घरी आलो नाही कधी. पण त्या वऱ्हांड्यात मला मान वर करता येईना. मग मी एवढंच म्हणालो, "मॅडम, ती बैठकीत झोपते. खाट मी तुमच्यासाठी आणलती."

पोरीनं चमकून माझ्याकडं बघितलं. मॅडम तिला म्हणाल्या, "जा, झोप." ती आत गेली आणि सतरंजीवर पडल्या पडल्या झोपली. मी शाळा सुटेपर्यंत वऱ्हांड्याच्या पायरीवर बसून राहिलो. फोन वाजत होता, माणसं शोधत होती. उचलला नाही. मॅडम आत गणित शिकवत होत्या आणि सगळा वर्ग हळू आवाजात उत्तरं देत होता, ती उठू नये म्हणून. त्या पोरांना हे कुणी सांगितलेलं मी तरी ऐकलं नाही.

त्या दिवसापासून आमची बैठक शेतातल्या शेडात भरायला लागली. माणसं कुरकुरली. एकजण म्हणाला, "अध्यक्षाला मॅडमनी शाळेत घातलं रं." घातलं तर घातलं. गादीचं प्लास्टिक मी माझ्या हातानं फाडलं. पहाटेचं उठवणं बंद केलं, चहाचं काम गड्याकडं दिलं. पहिले काही दिवस पोरगी माडीवर इतकी झोपायची की तिची आई जाऊन श्वास बघून यायची.

शिष्यवृत्ती मिळाली नाही तिला. निकाल लागला तेव्हा ती माझ्या तोंडाकडं बघत उभी राहिली, मी काय बोलतो म्हणून. माझ्या जिभेवर काय होतं ते मी इथं लिहीत नाही. मॅडमचा फोन आधीच येऊन गेला होता. "आज परीक्षेचं काही विचारू नका. काय खाणार, ते विचारा." मी विचारलं. ढाब्यावरची शेवभाजी म्हणाली. गेलो. पोटभर जेवली, आणि येताना गाडीवर मागं बसून पहिल्यांदाच मला शाळेतलं काहीबाही सांगत राहिली. मला निम्मं ऐकू आलं नाही, वाऱ्यामुळं. पण हूं हूं करत राहिलो.

ती आता संभाजीनगरला कॉलेजात आहे, चांगली शिकतेय. ते तिचं कर्तृत्व, माझं नव्हे, आणि ते सगळं मॅडमचंही नव्हे. मॅडमनी तसं म्हणू दिलं नसतं.

वैष्णवी दहावीत असताना मॅडमची बदली झाली. शाळेत निरोपाचा कार्यक्रम झाला. गोठ्यात पोरगं झोपवणारा तो चुलता पुढं येऊन बसला होता, नाना शाल घेऊन आले होते. अध्यक्ष म्हणून मला बोलायचं होतं. रात्रभर ठरवलेलं होतं काय बोलायचं ते. उभा राहिलो आणि कंपाउंडच्या भिंतीवर बोललो, पाण्याच्या टाकीवर बोललो, शाळेच्या प्रगतीवर बोललो. टाळ्या पडल्या. जे बोलायचं होतं ते राहिलं, ते हे इथं लिहिलं.

मॅडम निघाल्या तेव्हा वैष्णवी त्यांच्या स्कूटीवर मागं बसून फाट्यापर्यंत गेली. मी घरी येऊन आमच्या फाटकात उभा राहिलो. बऱ्याच वेळानं ती एकटी चालत आली. डोळे लाल, पायावर धूळ. मी विचारलं, काय म्हणल्या मॅडम?

तिनं चपला काढल्या. दाराशी ठेवल्या.

"ते मी तुम्हाला नाही सांगणार, पप्पा."

रागानं नाही, भिऊन नाही. सरळ माझ्याकडं बघून म्हणाली, आणि आत निघून गेली.