पुतळीच्या अंगावरचं हिरवं लुगडं

"नगरला कोणी साडी घ्यायला जातं का?" चिपळूणच्या एसटी स्टँडवर मला सोडायला आलेल्या आमच्या ह्यांनी पुन्हा तेच विचारलं, तेव्हा मी पिशवी त्यांच्या हातातून ओढूनच घेतली. "जातं. मी जाते," म्हटलं आणि गाडीत चढले. भाचीचं, मुग्धाचं, लग्न तोंडावर आलेलं. तिला नऊवारी नेसून बोहल्यावर उभं राहायचं होतं, आणि तीही शिवलेली नव्हे, खरी. ती मावशीकडून हवी होती. नेमका त्याच आठवड्यात शैलाचा फोन आला. शैला ही माझी कॉलेजातली मैत्रीण, लग्न होऊन नगरकर झालेली. म्हणाली, "अगं शुभे, इथल्या एका मोठ्या दुकानात जुन्या नगरच्या कापडवाल्यांचा आठवडाभर मेळा लागलाय. विणकर, शिंपी, टोपीवाले, सगळे एका छताखाली. ये, हातमागावरचं काहीतरी मिळेल तुला." मला एवढं निमित्त पुरतं.

पुण्याला गाडी बदलली. शिरूरची घोड नदी ओलांडली आणि खिडकीबाहेर बघून मी चक्रावलेच. आमच्याकडे दहा पावलांवर डोंगर आडवा येतो, झाड आडवं येतं, निदान कोणाचं तरी कुंपण तरी येतं. इथे नजर जाते ती जातेच. ज्वारीची हिरवी शेतं, मधूनच कांद्याचे वाफे, एखादं लिंबाचं झाड आणि मग सगळं उघडं माळरान. सुप्याच्या पुढे लांब डोंगरावर पवनचक्क्या फिरत होत्या. गाडीवर पाटी अहिल्यानगरची होती, पण कंडक्टर मात्र स्टँड येईपर्यंत "चला नगर, नगर" असंच ओरडत होता. शैला स्कूटी घेऊन उभीच होती. "किती वाळलीस गं!" म्हणाली. मी वाळलेली नाही, हे ती, मी आणि तिची स्कूटी तिघांनाही माहीत होतं.

पिशवी घरी टाकून आम्ही लगेच दुकानात गेलो. आता दुकान म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर कापडबाजारातली गादी, पांढरी बैठक आणि "या ताई, बसा" म्हणणारे शेठजी होते. समोर बघते तर चार मजली काचेची इमारत! दारातच थंडगार वारा अंगावर आला. आत सरकता जिना. मी पदर खोचला, देवाचं नाव घेतलं आणि पाय टाकला. तो पाय वर गेला, दुसऱ्या पायातली चप्पल खालीच राहिली. शैला वर पोचून हसत सुटली, आणि एका पायाने अनवाणी मी तिच्यामागे. एका भल्या गृहस्थाने चप्पल हातात धरून वर आणून दिली. मी त्यांच्याकडे बघूसुद्धा शकले नाही.

दुसऱ्या मजल्यावर एका बाजूला जीन्स, दुसऱ्या बाजूला अत्तरं, आणि मधे तो मेळा. एक शिंपी पायमशीनवर बंडी (बिनबाह्यांचं, पुढून बंद बांधायचं जाकीट) शिवत होता. एकजण टोप्यांना घडी घालत होता. कोपऱ्यात चक्क हातमाग मांडलेला. सगळ्यांच्या भोवती लाल दोरी बांधलेली, आणि दोरीच्या अलीकडून लोक फोटो काढत होते. मी तर थक्कच झाले. जितीजागती माणसं, आणि त्यांना दोरीच्या आत बसवायचं? शैला म्हणाली, "अगं, गर्दी अंगावर येऊ नये म्हणून असेल." असेल बाई. मला मात्र ते अजिबात आवडलं नाही.

मागावर कोणी नव्हतं. "तात्या जेवायला गेलेत," तिथली मुलगी म्हणाली. मागाशेजारी मात्र दोरीबाहेर एक पुतळी उभी होती, आणि तिच्या अंगावर लुगडं. हिरवंगार, कोवळ्या भाताच्या रंगाचं, लाल रुंद काठाचं. मी बोटांत धरून पाहिलं तर सूत इतकं मऊ की सोडवेना. हल्लीच्या साड्यांत असा हिरवा दिसत नाही. मुग्धा त्यात मला लख्ख दिसायलाच लागली. "दुसरा नग नाही मॅडम, हा एकच आहे," मुलगी म्हणाली. किंमत बघून मी आवंढा गिळला आणि घेतलं. घडी घालताना पदराच्या टोकाला काहीतरी टणक लागलं. चोरी होऊ नये म्हणून मोठ्या दुकानांत कपड्याला एक बिल्ला लावतात ना, तोच असेल, असं मला वाटलं. त्या मुलीलाही तसंच वाटलं असावं, कारण तिने तिथे यंत्र दोनदा दाबलं आणि मग नाद सोडून दिला.

संध्याकाळी शैलाने शेंगोळी केली होती. हुलग्याच्या (म्हणजे आपल्या कुळथाच्या) पिठाची वळलेली कडबोळी, लसणाच्या झणझणीत रश्श्यात उकळलेली. जन्मभर कुळथाची पिठी खाऊनही हे मला कधी सुचलं नाही, याचा मला रागच आला. हात धुतले आणि लुगडं दाखवायला उलगडलं. पदर हातात आला. तो बिल्ला नव्हताच. पदराला घट्ट गाठ मारलेली होती. मी नखाने सोडवली, आणि चटईवर पडलं एक हळकुंड, कुंकवाची पुडी, तुळशीचं वाळकं पान आणि एक इवलासा सोन्याचा मणी.

शैला चटईवरून मागे सरकली. मग हळूच म्हणाली, "शुभे, हे जायचं लुगडं आहे गं."

तुळशीचं पान आणि सोनं कोणाच्या तोंडात घालतात ते काय मला माहीत नाही? कुठल्या तरी बाईने अहेवपणी (नवरा जिवंत असताना) आपल्याला मरण यावं म्हणून नवस बोलावा, आणि त्या दिवशी नेसवायला ठेवलेलं हिरवं लुगडं मी माझ्या मुग्धाच्या अंगावर घालायला निघाले होते! बोहल्यावर! मी ते चटईवरून उचलेना आणि शैला त्याला हात लावेना. शेवटी तिनेच देवासमोरचा पाट आणला, त्यावर ते ठेवलं आणि वर चादर घातली. आम्हाला दोघींनाही धड झोप लागली नाही. ज्या बाईचं हे आहे, तिला ते हरवल्याचं कळलं असेल का, एवढंच डोक्यात फिरत राहिलं.

सकाळी दुकान उघडायच्या आधीच आम्ही दारात. वर गेलो तर मागावर तात्या बसलेले. ऐंशीच्या घरातले, डोक्यावर टोपी, हात मागावर, आणि डोळे त्या पुतळीवर. तिच्या अंगावर आता कसलीशी गुलाबी साडी होती. मी पिशवी पुढे केली. त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि मागाचा दांडा धरून ठेवला.

"तुमीच नेलं व्हय?" म्हणाले. "आवो बाई, ते विकायचं न्हवतं. बघायला ठेवलं हुतं नुसतं. माझ्या हिचं जायचं लुगडं हाय ते."

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून दुकानातली ती मुलगी रडायलाच लागली. जाताना बाईला माहेरचं वस्त्र लागतं, हे आपल्याकडेही आहेच. तात्यांच्या बायकोचा, सरूआजींचा, भाऊ सूत रंगवायचा. आजारी पडला तेव्हा त्याने बहिणीसाठी हिरवं सूत रंगवून ठेवलं, आणि गेला. माहेर तिथेच संपलं. त्या सुताचं हे लुगडं तात्यांनी विणलं, आणि त्यानंतर माग सुटा करून माळ्यावर टाकला.

"दुकानवाले म्हनले, माग आमी जोडून देतो, मागावरचं शेवटचं कापड असंल तर आना. शेवटचं तर हेच. मी म्हनलं, चार दिस बघू द्या लोकांना. तिला इचारलं असतं तर दिलंच नसतं. म्हनून पेटीतून गुपचूप आनलं." मग त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला गलबलून आलं. "बाई, तुमीच न्या आमच्या घरी. मला तोंड न्हाई तिच्याम्होरं जायला."

दुकानाचे साहेब धावत आले, दहादा माफी मागितली, चुकून सगळ्याच कपड्यांना किमतीच्या चिठ्ठ्या लागल्या म्हणाले, पैसे परत केले. खरं सांगते, मला त्यांच्यावर नीट चिडताही आलं नाही. तात्यांच्या शब्दावर आम्ही नगरच्या तोफखाना भागात त्यांचं घर शोधत निघालो. शैला गल्ल्या चुकली, दोनदा एकाच पिठाच्या गिरणीसमोर आली, आणि गिरणीवाल्याने शेवटी हसून बोटानेच दार दाखवलं.

दारात सरूआजी तांदूळ निवडत बसल्या होत्या. बारीक चणीच्या, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. मी काही बोलायच्या आत त्यांनी पिशवीकडे पाहिलं.

"आलं का माझं लुगडं?"

मी चाटच पडले. "आजी, तुम्हाला माहीत होतं?"

"पेटी काय मी उघडत न्हाई व्हय? चोरून नेलं म्हाताऱ्यानं. मी बी बोलले न्हाई. ताट वाढते, तोंड फिरवते. बघू म्हनलं कवा सांगतोय." मग सूप बाजूला सारून म्हणाल्या, "आनि शेजारच्या पोरीनं मोबाईलमदी दाखवलं. त्या पुतळीच्या अंगावर. दुकानाच्या जाहिरातीत."

मी हात जोडले. "आजी, चूक झाली. गाठ मीच सोडली, पण सगळं आहे यात, मणीसुद्धा."

त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. लुगडं मांडीवर घेऊन काठावरून हात फिरवत होत्या. "लई देखनं दिसत हुतं गं त्या पुतळीला," म्हणाल्या. "इतकी वर्सं पेटीत. दर दिवाळीला ऊन दावते आन् परत घडी घालते. माझ्या भावाचा रंग, ह्यांचा हात. आन् ते मला कसं दिसतंय ते मी बघनारच न्हाई. नेसवतील तवा मला आरसा कोन दाखवनार हाय?"

त्यांनी लुगडं माझ्या हातात दिलं.

"चल, नेसव मला."

"आजी!" शैला ओरडलीच. "अहो, ते असं नेसायचं नसतं! अभद्र बोलू नका!"

"गप गं. माझं हाय ना? दार लाव."

मी दार लावलं. आयुष्यात मी अनेकींना साड्या नेसवल्यात, नवऱ्या, मुंजीतल्या आया, गॅदरिंगच्या पोरी. पण असं लुगडं कधी नाही. निऱ्या घालताना मला रडू येत होतं आणि आजी मात्र "काष्टा घट्ट वढ, सुटला तर माझी फजिती" म्हणून दटावत होत्या. हळकुंड, पुडी, पान नि मणी त्यांनी एका डबीत घालून देवाजवळ ठेवले. भिंतीवरच्या छोट्या आरशात त्या आधी खांदा बघत होत्या, मग स्टुलावर चढून काठ बघितला. शैलाने त्यांना धरलं होतं आणि तीही रडत होती. आजी लाजल्या. खरंच लाजल्या, नव्या नवरीसारख्या.

"आता दुकानात," म्हणाल्या. "रिक्षा बघा."

सरकत्या जिन्यापाशी मी त्यांना माझी चपलेची गोष्ट सांगितली. त्यांनी दोन्ही चपला काढून हातात घेतल्या, माझा दंड धरला आणि पाय टाकला. जिना वर जायला लागला तशी खालची माणसं माना वर करून बघायला लागली. वर पोचलो. ती मुलगी तोंडावर हात धरून उभी. तात्या मागावर खाली मान घालून धागा सांधत होते. आजी दोरीपाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि खाकरल्या.

तात्यांनी वर पाहिलं. चेहरा पांढरा पडला त्यांचा. मागावरून उठायला गेले ते अर्धवट तसेच राहिले.

"अगं, आत्ताच का?" म्हणाले. "अजून येळ हाय की."

"येळ हाय म्हनूनच नेसले," आजी म्हणाल्या. "आता नीट बघा."

तात्यांनी लाल दोरी वर उचलली आणि त्यांना आत घेतलं. पुढे काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, कारण मी आणि शैला जीन्सच्या कपाटामागे जाऊन नाक पुसत होतो.

दुसऱ्या दिवशी चिपळूणला उतरले तेव्हा हे स्टँडवर हजर. माझी पिशवी उचलून पाहिली. हलकी. "साडी?" "दिली." "कोणाला?" "जिची होती तिला." मुग्धाची साडी आता चिपळुणातच घेणार, असं मी स्वतःहून सांगितलं, म्हणजे त्यांना जिंकल्याचा आनंद मिळावा. त्यांनी तो पुरेपूर घेतला.

रविवारी सकाळी मी कपाट उघडलं. लेकाच्या मुंजीत एकदाच नेसलेली माझी पैठणी मलमलीत गुंडाळून ठेवलेली होती. ती काढली. नेसले. हे पेपर खाली ठेवून बघत राहिले, आणि त्यांचा चहा गार झाला. मी पिशवी घेतली आणि तशीच मासळी बाजारात गेले. आमच्या नेहमीच्या मावशींच्या हातातली सुरी हातातच राहिली.

"अगो बाई! वहिनी, आज कोणाचं लगीन?"

"कोणाचं नाही," म्हटलं. "बांगडे ताजे आहेत का?"