दोन डिस्क ताडून बघताना

घटस्फोट झाल्यावर भांडी, कपाट, गाद्या यांची वाटणी अर्ध्या दिवसात उरकली. फोटोंची तेवढी राहिली. चौदा वर्षांचे फोटो एकाच हार्ड डिस्कवर होते. ती घेऊन तो उल्हासनगरला आईकडे राहायला गेला आणि पाच महिन्यांनी दोन डिस्क माझ्याकडे पाठवल्या. सोबत मेसेज होता : ‘मित्राच्या दुकानात कॉपी काढली. मध्येच लाइट गेली होती. घरच्या कॉम्प्युटरवर एकदा ताडून बघ, मग नवी मला दे.’

रविवारी सकाळी मी बसले. चिखलोलीच्या आमच्या मजल्यावर चार फ्लॅट, त्यातले तीन अजून विकलेच गेले नव्हते. दार उघडं ठेवलं तरी कुणी डोकावणार नव्हतं. दोन्ही फोल्डर ताडून बघण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकले आणि बटण दाबलं. थोडा वेळ आकडे पळाले. मग स्क्रीनवरची खिडकी पांढुरकी पडली, वर ‘प्रतिसाद देत नाही’ असं आलं. मी बंद केलं, पुन्हा सुरू केलं. तिसऱ्यांदाही तेच झालं, तेव्हा त्याला फोन लावला. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

“हँग होतंय,” मी म्हटलं.

“तू मध्ये क्लिक करत असशील.”

“करतेय.”

“नको करूस. ते मेलेलं नसतं, मोजत असतं. दोन लाखांवर फायली आहेत अगं. आणि सेटिंग बघ, ते प्रत्येक फोटो आतून उघडून तपासतंय का?”

होतं तसंच. त्याने ते काढायला लावलं. आधी फक्त साइज आणि तारीख जुळते का बघ, म्हणाला. अख्खी डिस्क एकदम नको, एकेक वर्ष घे. डिस्क पुढच्या पोर्टमधून काढून मागे लाव.

मी टेबलाखाली वाकून केबल बदलली. पहिलं वर्ष चार मिनिटांत झालं. “झालं,” म्हटलं.

“पुढचं घे.”

फोन त्याने ठेवला नाही, मीही नाही. दर वर्षाला काही मिनिटं थांबावं लागायचं, तेवढ्यात आम्ही बोलायचो. त्याच्या आईचा गुडघा, माझ्या ऑफिसची नवी वेळ. आम्ही शिवमंदिर बघायला गेलो होतो, त्या वर्षाला तो हसला. “तिथल्या त्या एका खांबाचेच चाळीस तरी फोटो असतील.”

“बावन्न आहेत,” मी मोजून सांगितलं.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. आईने त्याला जेवायला हाक मारली. “उरलेली तीन वर्षं तू कर, आता अडणार नाही,” म्हणाला आणि फोन ठेवला.

खरंच अडलं नाही. फोटो सगळे जुळले. सगळ्यात शेवटी मी पुन्हा ते आतून तपासायचं सेटिंग लावलं आणि दुपारभर कशालाही हात न लावता बसून राहिले. कुठेतरी एखादी फाइल खराब निघावी, म्हणजे त्याला विचारता येईल, असं वाटत होतं. पाचच्या सुमाराला उत्तर आलं : फरक नाही.

‘सगळं बरोबर आहे,’ असं मी त्याला कळवलं. त्याचा अंगठा आला. सोमवारी ऑफिसला जाताना नवी डिस्क कुरियरवाल्याकडे दिली.