दुसऱ्या फेरीसाठी ठेवलेली पुस्तकं

मी आमच्या चांदनी गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलो. जाड पुस्तक हातात घेतलं की मला झोप येते. तरी साडेतीनशेच्या वर पुस्तकं मला ठाऊक आहेत, आणि ती सगळी प्रभाकरच्या तोंडून.

प्रभाकर नेपानगरला कागदाच्या कारखान्यात होता. वडील भुसावळकडून नोकरीला आलेले. जन्मभर कोरा कागद पाहिला, म्हणायचा, आता छापलेला पाहू. निवृत्त झाला त्याच आठवड्यात त्यानं तिथल्या मराठी मंडळाच्या वाचनालयाचं रजिस्टर मागून घेतलं. दोन कपाटं, चारशे बारा मराठी पुस्तकं. एक नंबरापासून धरायचं, मधलं एकही सोडायचं नाही. रोज शंभर पानं. पुस्तक संपलं की शेवटच्या पानावर पेन्सिलीनं तारीख.

एकदा नंबर आला कोंबडीपालनाचा. घरात कोंबडीचं पीस नाही, पण गड्यानं पुस्तक शेवटपर्यंत वाचलं आणि लागोपाठ दोन रविवार मला कोंबड्यांचे रोग सांगितले. भागीरथीवहिनी म्हणाल्या, "यांची परीक्षा कधी आहे ते एकदा विचारा हो भाऊजी."

दर रविवारी मी केळी घेऊन जायचो आणि आठवड्यात झालेली पुस्तकं ऐकून यायचो. मग त्याच गोष्टी आमच्या बागेत, नातवंडांत, एसटीत, जिथं माणूस सापडेल तिथं सांगायच्या. थोडं मीठमसाला लागतोच, तो मी घालायचो.

एखादं पुस्तक फार आवडलं की प्रभाकर उलट चिडायचा. म्हणायचा, इथं थांबावंसं वाटतं रे, पण शंभर पानं व्हायचीत. चारशे बारा झाली की दुसरी फेरी. तेव्हा फक्त आवडलेली, आणि दिवसाला दोन पानं वाचली तरी चालेल.

तीनशे एकाहत्तरावर त्याच्या डोळ्यांनी दगा दिला. ऑपरेशनला तो बऱ्हाणपूरला गेला, आणि त्याच पंधरवड्यात मंडळाची बैठक झाली. वाचनालयाच्या खोलीत कम्प्युटर क्लास काढायचा होता, एकच छोटं कपाट मावणार होतं. सेक्रेटरी उमेश, आमच्यासमोर वाढलेला पोरगा, विचारत होता की कुठली पुस्तकं काढायची.

मी प्रभाकरच्या जागी बसलो होतो. मला राहवलं नाही. मित्राचं नाव व्हावं म्हणून उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. रजिस्टर, शंभर पानं, कोंबड्या. लोक हसले, टाळ्या वाजल्या. मी म्हणालो, शेवटचं पान उघडून बघा, तारीख सापडेल.

उमेशनं पाच-सहा पुस्तकं उघडली. त्याचा चेहरा खुलला. "काका, मग तर सोपं झालं. पढ़के झालेली रखके क्या करना? ती जाऊ द्या, बाकीची ठेवू."

आणि मी मान हलवली. खोटं कशाला बोलू, मला पटलं ते. जन्म केळीत गेला. घड उतरवला की केळीचा खांब कोणी उभा ठेवत नाही. पुस्तकातली गोष्ट तर प्रभाकरनं काढून घेतलेली होती, अर्धी माझ्याजवळही होती.

तीनशे एकाहत्तर पुस्तकं टेम्पोत भरून बऱ्हाणपूरला केळीच्या व्यापाऱ्याकडे गेली, पानं फाडून केळीच्या फण्यांच्या मधे घालायला.

प्रभाकर काळा चष्मा लावून आला. उरलेल्या एक्केचाळीस पुस्तकांसमोर उभा राहिला. कोण बोललं बैठकीत, हे त्याला आधीच कळलं होतं. एवढंच म्हणाला, "सखाराम, ती मी वाचली नव्हती रे. नुसती संपवली होती."

उरलेल्यांना त्यानं हात लावला नाही. डोळे आता चांगले आहेत, डॉक्टर म्हणतात. रजिस्टर त्यानं परत केलं.

मागच्या रविवारी स्वतःहून म्हणाला, नावाड्याची गोष्ट सांग, अठ्ठेचाळीस नंबरची. मला इतका आनंद झाला. पुरात बहीण हरवते, नावाडी दर संध्याकाळी घाटावर दिवा लावतो, सगळं रंगवून सांगितलं. शेवटी बहीण नावेतून उतरते तिथं आलो, तर तो म्हणाला, "ती परत येत नाही."

"येते की."

"नाही येत. तू आणलीस तिला."

मी वाद घातला. पण ती गोष्ट मी इतक्यांना सांगितली आहे की ती येते का नाही, हे आता मला खरंच ठाऊक नाही. दाखवायला पुस्तकही नाही.

तो उठून आत गेला. वहिनींनी चहा आणला, एकच कप.